गुडघा नवा झाला, अंगात बळ कोठून आणायचे?

वाचकहो, आपल्या घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर एक अगदी साधा प्रश्न मी आपल्याला विचारणार आहे. त्यांचे वजन किती आहे? साखर किती, रक्तदाब किती, हे बहुतेक घरांत तोंडपाठ असते. एक्स-रेची पाकिटे गादीखाली जपून ठेवलेली असतात. वजन मात्र ‘असेल पन्नासच्या आसपास’ असे अंदाजाने सांगितले जाते. व्यक्ती मुळातच बारीक असेल, तर हा प्रश्न कोणी विचारतही नाही. गुडघेदुखी म्हटली की वजनाचा विचार एकाच दिशेने करण्याची सवय आपल्या सर्वांना लागली आहे. ‘वजन कमी करा’ हा सल्ला मी स्वतः गेली पंचवीस वर्षे देत आले आहे, आणि स्थूल व्यक्तींच्या बाबतीत तो योग्यच आहे. पण ज्यांचे वजन आधीच कमी आहे, त्यांना आम्ही डॉक्टर मंडळी काय सांगतो? बहुधा काहीच नाही. उलट कौतुक करतो.

मी ते कौतुक माझ्या सख्ख्या आत्याचे केले होते. ती गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझी आत्या वाईला राहते. शस्त्रक्रियेच्या वेळी तिचे वय ७६ होते. आमच्या घराण्यात ती ‘काटक’ म्हणून प्रसिद्ध. कधी काळी रोज पहाटे ढोल्या गणपतीला पायी जाऊन येणारी, घरी आल्यावर विहिरीवरून दोन कळशा आणणारी. पुढे गुडघे कुरकुरू लागले, मग वाकले, आणि शेवटी न्हाणीघरापर्यंत जाणेही भिंतीच्या आधाराने होऊ लागले. दर दीड-दोन महिन्यांनी ती साताऱ्याला माझ्या दवाखान्यात येई. मी रक्तदाब पाहत असे, गोळ्या लिहून देत असे, आणि आमच्या बऱ्याचशा गप्पा भाचरांच्या लग्नांविषयी होत. शस्त्रक्रियेचे ठरले तेव्हा पुण्याच्या सर्जनांसाठी मी चिठ्ठी लिहिली. रक्तदाब नियंत्रणात, मधुमेह नाही, दमा नाही, हृदयाचा आलेख समाधानकारक. चिठ्ठी पाकिटात घालताना मी म्हणाले, “आत्या, तुला कसली काळजी! अंगावर चरबी नाही, वजनाचा भार नाही. तिसऱ्या दिवशी चालत घरी येशील.”

“बघ हं, तुझ्या जिवावर चालले आहे,” ती म्हणाली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. हे मी औपचारिकपणे म्हणत नाही. नंतरचा एक्स-रे मी पाहिला. सांधा अगदी नेमका बसला होता, पाय सरळ झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वॉकर धरून उभे केले, चार पावले चालवले, आणि आतेभावाने त्याचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्याच संध्याकाळी तिला घेरी आली. हिमोग्लोबिन शस्त्रक्रियेपूर्वी १०.४ होते, ते ७.२ वर आले होते. रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. त्या रात्री ती बरळू लागली. नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या आतोबांना हाका मारून ‘दार लावून घ्या’ असे सांगत राहिली. वहिनी रात्रभर तिचा हात धरून बसली होती. चौथ्या दिवशी टाचेवर लाल चट्टा दिसला. बाराव्या दिवशी टाके काढायचे होते, पण जखमेच्या खालच्या टोकाशी पाणी येत होते, म्हणून ते लांबले. सर्वांत वाईट म्हणजे, तिसऱ्या आठवड्यातही तिला पडल्यापडल्या पाय सरळ उचलता येत नव्हता.

फिजिओथेरपिस्ट एक तरुण मुलगी होती. ती घरी येऊन व्यायाम करवीत असे. मी एका रविवारी वाईला गेले असताना ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “मॅडम, आजी जीव तोडून करतात. पण मी व्यायाम वाढवू तरी कशावर? मांडीला स्नायूच लागत नाही हाताला.”

त्या दिवशी मी आत्याचे वजन केले. शेजाऱ्यांकडून काटा मागून आणला आणि दोघींनी धरून तिला त्यावर उभे केले. ३६.८ किलो. रात्री साताऱ्याला परत आल्यावर मी दवाखाना उघडला आणि तिचा जुना केसपेपर काढला. वजनाच्या नोंदी होत्या. माझ्याच अक्षरात होत्या. चार वर्षांपूर्वी ४९. त्यानंतर ४७. मग ४४. शस्त्रक्रियेच्या चिठ्ठीच्या दिवशी ३९.५. प्रत्येक आकडा मी त्या-त्या दिवशी लिहिला होता, आणि मागच्या पानावरचा आकडा एकदाही पाहिला नव्हता. परका रुग्ण असता तर कदाचित पाहिला असता. आपल्या माणसाला आपण चेहऱ्याने ओळखतो. चेहरा रोजच्या ओळखीचा असला की त्यातले गेलेले मांस दिसत नाही.

आता या आकड्यांचा अर्थ आपल्याला सांगते. वजन किलोमध्ये घ्यावे, आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिला उंचीनेच गुणून येणाऱ्या संख्येने त्या वजनाला भागावे. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. आत्याची उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे १.५२ मीटर. तिचा बीएमआय १७.१ होता. १८.५ च्या खालचे वजन कोणत्याही प्रौढ व्यक्तीसाठी कमी समजले जाते, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांत सत्तरी ओलांडल्यावर २० च्या खालचा आकडासुद्धा कुपोषणाची शंका घेण्यास पुरेसा मानतात. त्याहूनही महत्त्वाची आहे ती घसरण. मनात नसताना, प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन शेकडा ५ पेक्षा अधिक उतरले, तर ते ‘वयाप्रमाणे होते’ म्हणून सोडून देण्याजोगे नसते. ५० किलोच्या माणसाचे अडीच किलो. इतकी छोटी गोष्ट.

हे ज्ञान काही नवे नाही, आणि म्हणूनच मला अधिक लाज वाटते. १९३६ साली अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली नावाच्या शल्यचिकित्सकाने जठरव्रणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेआधी शेकडा २० किंवा अधिक उतरले होते, त्यांतील सुमारे एकतृतीयांश दगावले. ज्यांचे त्याहून कमी उतरले होते, त्यांत हे प्रमाण शेकडा ३.५ होते. तेव्हा प्रतिजैविके नव्हती आणि आजची भूलही नव्हती. त्यामुळे ते आकडे आजच्या गुडघ्याला लावू नयेत. आज सांधेबदल शस्त्रक्रियेत मृत्यू फार विरळा आहे. पण बारीक रुग्णांत रक्त देण्याची वेळ अधिक येते, इस्पितळातला मुक्काम लांबतो आणि गुंतागुंती वाढतात, हे सांधेबदलाच्या अलीकडच्या अभ्यासांतूनही दिसून आले आहे. आत्याचे वजन चार वर्षांत जवळपास शेकडा १९ उतरले होते, आणि त्यातले निम्मे शेवटच्या वर्षात.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढचे उपाय आपोआप पटतात.

पहिले रक्ताचे. शरीरात रक्त वजनाच्या प्रमाणात असते, किलोमागे साधारण ६५ ते ७० मिलिलिटर. ७० किलोच्या व्यक्तीत साडेचार लिटरहून अधिक. माझ्या आत्यात अडीच लिटरच्या थोडे वर. गुडघा बदलताना काही रक्त दिसेल असे जाते आणि पुढचे दोन-तीन दिवस काही सांध्याच्या आतल्या आत झिरपते. हल्ली रक्तस्राव कमी करणारी औषधे देतात, तरीही सारे मिळून पाऊण-एक लिटरपर्यंत घट होऊ शकते. एकच तांब्या मोठ्या हंड्यातून काढला आणि एकच तांब्या लहान कळशीतून काढला, यातला फरक सांगायला नको. त्यात कळशीतले पाणी आधीच पातळ होते, १०.४ हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षयच.

दुसरे स्नायूंचे, आणि माझ्या मते हेच मुख्य. आपण म्हणतो ‘गुडघा बदलला’. वास्तविक बदलतात ती हाडांची झिजलेली टोके. गुडघा हलवणारा, उभे राहताना शरीर तोलणारा जो मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, तो बदलता येत नाही. तो आपला जुनाच. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात त्याची ताकद निम्म्याहून अधिक घटते, अगदी धडधाकट रुग्णांतही. ज्याच्याकडे शिल्लक आहे, तो त्या शिलकेवर तो महिना काढतो. ज्याची शिल्लक आधीच संपलेली आहे, त्याने काय करावे? निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले, तर त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो मांस कमी झाल्याचे एका अभ्यासात आढळले होते. हे निरोगी लोकांचे, ज्यांच्यावर शस्त्रक्रियाही झाली नव्हती.

तिसरे जखमेचे. टाके केवळ कातडीच्या कडा जवळ धरून ठेवतात. त्या कडा जोडणारे ऊतक शरीराला नव्याने विणावे लागते, आणि त्याचा धागा म्हणजे प्रथिने. जंतूंशी लढणाऱ्या पेशीही त्यातूनच बनतात. आहारातून प्रथिने आली नाहीत तर शरीर ती स्नायू मोडून घेते. म्हणजे जखम भरून यावी म्हणून मांडी झिजते, आणि मांडी झिजली म्हणून चालता येत नाही. अशा वेळी उपाशीपोटी व्यायाम करवून घेणे हा एक प्रकारचा अन्यायच म्हणावा लागेल. ती बिचारी जीव तोडून पाय उचलत होती, आणि दिवसभराच्या तिच्या पोटात काय होते? दीड पोळी, मऊ भात आणि वरणाचे पाणी.

गादीवर टेकलेल्या टाचेवर मांसाची उशी नसते, म्हणून चट्टे लवकर पडतात. बारीक माणसाला थंडीही अधिक वाजते. औषधांचे प्रमाणही जपून ठरवावे लागते. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीसुद्धा ५० किलोच्या आतील व्यक्तीला वजन पाहून द्यायची असते, आणि गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकांचा परिणाम अशा ज्येष्ठांत फार लवकर डोक्यावर होतो. इस्पितळात प्रत्येक नव्या डॉक्टरांना व परिचारिकेला ‘यांचे वजन चाळीसच्या आत आहे’ असे स्वतःहून सांगण्यात संकोच करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आत्या इतकी बारीक झाली कशी? घरात दूधदुभत्याची वाण नाही, मुलगा आणि सून दोघेही तिला जपणारे. मी वहिनीबरोबर बसून आत्याच्या आदल्या वर्षाचा दिवस मांडला, तेव्हा उत्तर हळूहळू उलगडले. गुडघा दुखे म्हणून ती वेदनाशामक गोळी घेई. गोळीने छातीत जळजळे, म्हणून जेवण टाळी. ओट्याशी उभे राहवत नसे, म्हणून दुपारी एकटी असताना काही गरम करून घेण्याऐवजी चहात बिस्किटे बुडवून खाई. वहिनी शाळेत शिक्षिका आहेत, त्या डबा भरून ठेवत आणि संध्याकाळी तो अर्धा भरलेला सापडे, तर आत्या म्हणे, “आज सोमवार होता ना.” सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. महिन्यातले आठ-नऊ दिवस साबुदाणा, आणि साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळपास काही नाही. कवळी सैल झाली होती, ती जेवताना उचलली जाई. दाणे, पोळीच्या कडा, भाजलेले काहीही चावत नसे. आणखी एक गोष्ट तिने मला फार उशिरा सांगितली, आणि ती ऐकून माझ्या पोटात कालवले. “अगं, जास्त खाल्ले-प्यायले की उठावे लागते ना. न्हाणीपर्यंत जायचे म्हणजे डोळ्यांत पाणी येते.”

वाचकहो, दुखऱ्या गुडघ्याचे किती ज्येष्ठ केवळ या कारणासाठी अर्धपोटी राहत असतील, याचा आपण कधी विचार केला आहे का? मी केला नव्हता. ज्यांच्या घरी असे असेल त्यांनी कमोडची खुर्ची खाटेजवळ आणून ठेवावी. ती फार महाग नसते आणि तिचा परिणाम जेवणाच्या ताटात दिसतो.

अर्थात प्रत्येकाच्या बारीक होण्यामागे असे घरगुती कारणच असेल असे समजू नका. न सांगता वजन उतरत असेल तर थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य यांपैकी काही दडलेले नाही ना, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी तपासलेच पाहिजे. आत्याच्या बाबतीत त्या तपासण्या मी नंतर केल्या. सुदैवाने काही निघाले नाही. ब-१२ आणि ड जीवनसत्त्व मात्र फार कमी होते.

यापुढचे श्रेय पूर्णपणे वहिनींचे. त्यांनी शाळेतून महिन्याची रजा घेतली. पहिला आठवडा आमचा नातेवाइकांशी वाद घालण्यात गेला. आपल्याकडे शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ‘हलके’ खायला देण्याची रीत आहे. भेटायला येणारे शहाळी, सफरचंदे, बिस्किटांचे पुडे आणतात. दही देऊ नका, डाळ देऊ नका, टाके पिकतील, असे बजावून जातात. टाके दह्याने किंवा डाळीने पिकत नाहीत. शहाळे वाईट नाही, पण त्यात प्रथिने नावापुरतीच. मला गंमत वाटते ती याची, की त्याच घरात बाळंतिणीला डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, तुपातला सांजा, असे सगळे आग्रहाने भरवतात. झालेली झीज भरून काढायची असते हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. मग मांडीचे हाड कापून आलेल्या सत्तरीच्या बाईलाच पेज का?

कुपोषित आणि आजारी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. आत्यासाठी आम्ही ५० ते ५५ ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवले. तोवर तिच्या पोटात २५-३० ग्रॅमही जात नव्हते. ती अंडे खात नाही. जे खातात त्यांचे काम सोपे, एका अंड्यात ६ ग्रॅम मिळतात. आमचा हिशेब दूध, डाळ आणि दाण्यांवर बसवावा लागला. सकाळच्या पेलाभर दुधात दोन चमचे दूधभुकटी. वरणाचे पाणी बंद, त्याऐवजी वाटीभर दाट वरण, वर तूप. ५० ग्रॅम पनीर कुस्करून भाजीत किंवा पराठ्यात, म्हणजे चावायचा प्रश्न नाही. चार वाजता फुटाण्याचे पीठ आणि दाण्याचे कूट घालून केलेला मऊ लाडू. रात्री मुगाची खिचडी आणि दही. मेतकूट तर तिचे लाडकेच; त्यातल्या डाळी आपण विसरतो. झोपताना पुन्हा अर्धा पेला दूध. एकदम भरलेले ताट पाहिले की तिची भूक मरत असे, म्हणून सहा वेळा थोडे-थोडे. पहिल्या तीन-चार दिवसांत तर आम्ही याच्या निम्म्यावरच समाधान मानले. फार दिवस अर्धपोटी असलेल्या माणसाला एकदम भरवणे धोक्याचे असते, हे ध्यानात ठेवावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

उपवासाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. मी डॉक्टरकी करून पाहिली, उपयोग झाला नाही. शेवटी वहिनीच म्हणाल्या, “आई, उपवास मोडू नका. आपण उपवासाचेच करू, पण मी करीन ते खायचे.” मग एकादशीला राजगिऱ्याचा शिरा दुधातला, दाण्याची आमटी, वरईचा भात, खव्याची बर्फी. देवाचेही राहिले आणि मांडीचेही.

व्यायामाची वेळ बदलली. आधी काही खाणे, मग व्यायाम, आणि नंतर लगेच दूध. कवळी नव्याने बसवून घेतली. जळजळ करणारी गोळी थांबवली. बाकी सारे संथपणे झाले, इतके संथ की मला अनेकदा धीर सुटल्यासारखे वाटले. जखम पाचव्या आठवड्यात पूर्ण कोरडी झाली. जंतुसंसर्ग सांध्यापर्यंत पोहोचला नाही, हे आमचे नशीब. सांध्यात गेला असता तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली असती. सातव्या आठवड्यात एका सकाळी वहिनींचा फोन आला. “ताई, पाय उचलला. आपण होऊन उचलला.” तो एक्स-रे पाहून झाला नव्हता इतका आनंद मला त्या वेळी झाला.

तिसऱ्या दिवशी चालत घरी येशील असे जिला मी सांगितले होते, ती काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली ती साडेतीन महिन्यांनी.

हे सारे शस्त्रक्रियेच्या आधी सहा-आठ आठवडे करता आले असते. झिजलेला सांधा बदलणे ही ठरवून करायची शस्त्रक्रिया आहे. ती दोन महिने पुढे गेल्याने बहुतेकांचे काही बिघडत नाही. सर्जनांना ‘आधी वजन वाढवू का?’ असे विचारले तर ते रागावत नाहीत, उलट बहुतेकांना हायसे वाटते. मी हे विचारले नाही, आणि तारीख मिळाली म्हणून आम्ही सगळेच आनंदात होतो. पडल्यामुळे खुबा मोडला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबता येत नाही, शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांतच झालेली बरी. अशा वेळी खाऊ घालणे दाखल झाल्याच्या दिवसापासून सुरू करायचे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीविषयीही विचारून घ्यावे. ‘रात्री बारानंतर काही नको’ असे आत्याला सांगितले होते. तिने नेहमीप्रमाणे आठ वाजताच जेवण आटोपले, आणि तिचा क्रमांक आला दुसऱ्या दिवशी दीड वाजता. साडेसतरा तास पाण्याचा थेंबही नाही. सर्वसाधारणपणे घन अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्या रुग्णाला काय लागू आहे ते भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे. पाणी विचारण्यात संकोच कसला?

घरात काटा नसेल तर? अंग स्वतःच सांगत असते. बांगड्या कोपराकडे सरकू लागतात, अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो, पोलके दोन्ही बाजूंनी आत घेतलेले असते, पट्ट्याला नवे भोक पाडलेले असते. शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. घेर ३१ सेंटिमीटरच्या आत असेल तर स्नायू नक्कीच घटले आहेत. पायावर सूज असलेल्यांचे मात्र वजन आणि घेर दोन्ही फसवे असतात. आणि जाड दिसणाऱ्या व्यक्तींच्याही मांड्यांत स्नायू नसू शकतो, हेही जाता जाता सांगून ठेवते. त्यांच्यावर उपासमारीचा प्रयोग शस्त्रक्रियेच्या तोंडावर करू नये.

रक्तातल्या अल्ब्युमिनची तपासणी अनेकदा सांगितली जाते. ३.५ च्या खाली ते असेल तर सावध व्हावे हे खरे. आत्याचे ३.१ होते. परंतु नुसत्या दुखण्याने, जंतुसंसर्गानेही ते उतरते, त्यामुळे तेवढ्या एका आकड्यावर निकाल देऊ नये. काटा, टेप आणि ‘काल दिवसभरात काय खाल्लेत?’ हा प्रश्न, या तिघांवर माझा अधिक विश्वास आहे. माझ्या दवाखान्यात काटा पूर्वी टेबलाखाली असे. आता तो दाराशी ठेवला आहे, आणि साठीच्या पुढच्या प्रत्येकाचे मागचे वजन नव्या वजनाशेजारी लाल शाईने लिहिते. कंपाउंडर वैतागतो, कारण साडी सावरून चढणाऱ्या आज्यांना धरायचे काम त्याच्याकडे आले आहे.

आत्याचा दुसरा गुडघा अजून जुनाच आहे, आणि आता तो दुखतो. गेल्या महिन्यात सर्जनांनी त्याचीही तारीख सुचवली. मी आत्याला विचारले, काय करायचे? स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दर पहिल्या तारखेला आपले वजन लिहिते. तिने मला बोट धरून तिथे नेले. शेवटचा आकडा ४३.४ होता.

“पंचेचाळीस होऊ दे,” ती म्हणाली. “मग तुझी चिठ्ठी लिही. आणि या वेळी मला वाचून दाखव आधी.”